‘बघू’चं पान

बाई पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक काढायच्या. एक मोडलं तर दुसरं हवं म्हणून.

कुणी बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. हातांकडे बघायच्या.

लिफ्टचं बटण दाबल्यावर “चौथा” असं मोठ्याने सांगायच्या. लिफ्टमध्ये दुसरं कुणी नसलं तरी.

फोनवर “ठेवते” म्हणाल्या की ठेवायच्याच. आपण “ठेवते हं, बरं मग, ठेवते” करत पाच मिनिटं काढतो. ते त्यांना जमत नसे.

डबा उघडला की आधी वास घ्यायच्या आणि घरी बहिणीचा मूड कसा आहे ते सांगायच्या. “आज चिडलीय. मीठ जपून.”

आणि ‘बघू’ म्हणायच्या नाहीत. हो म्हणायच्या किंवा नाही म्हणायच्या. नाही म्हणताना थोडं हसायच्या.

ऑफिसात त्यांना सगळे मिनिटबाई म्हणत. इथे येण्याआधी एकतीस वर्षं त्या पाणीपुरवठ्याच्या एका मंडळात बैठकांची मिनिट्स लिहीत होत्या. शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचं, संध्याकाळपर्यंत टाइप करायचं, दुसऱ्या दिवशी अध्यक्षांची सही. हे कुणाला तरी कळलं आणि मिनिट्सवाल्या बाईंचं मिनिटबाई झालं. त्यांना राग नव्हता. “तासबाई केलं नाही हे नशीब,” म्हणायच्या.

मंडळाने एक दिवस रेकॉर्डिंगचं यंत्र घेतलं. बाईंना तीन ओळींचं पत्र आलं. तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. पुढे सहा महिन्यांनी त्या आमच्या कंपनीत आल्या. आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवते. ते कसं वापरायचं हे लिहिणारा विभाग म्हणजे चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यातली दोन टेबलं आणि एक प्लॅस्टिकचं झाड. एक टेबल बाईंचं. दोन वर्षांपूर्वी दुसरं मला मिळालं. मी साहित्यात एम. ए. केलं होतं आणि मला दुसरीकडे कुठे नोकरी मिळत नव्हती. बाईंनी पहिल्या दिवशी माझं एक वाक्य वाचलं आणि विचारलं, “यातलं क्रियापद कुठे ठेवलंयस, बाळ? घरी?”

तिथपासून आमची मैत्री.

आमच्या वाट्याला आलेलं शेवटचं काम एका टूलचं होतं. ऑफिसात बैठका होतात. त्यांचं रेकॉर्डिंग होतं, त्यातून मजकूर तयार होतो आणि साठत जातो. पुढे कधी तरी प्रश्न येतो, त्या दिवशी काय ठरलं? आमचं टूल साठलेला मजकूर चाळून काय ठरलं ते थोडक्यात काढून देणार होतं. मात्र विचारणारा माणूस नसणार होता. एजंट असणार होता. एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतःहून टप्प्याटप्प्याने उरकणारी एआय. तो पत्रं लिहितो, याद्या करतो, तारखा लावतो. त्यासाठी त्याला कधी कधी जुन्या बैठकांमध्ये डोकवावं लागतं. टूलला काय विचारायचं, कसं विचारायचं, आलेल्या उत्तरातलं काय खरं मानायचं, हे आम्ही लिहायचं आणि एजंटने वाचायचं.

बाई म्हणाल्या, “एकतीस वर्षं मी लिहिलेलं कुणी वाचलं नाही. नुसत्या सह्या केल्या. आता असा वाचक मिळालाय जो प्रत्येक शब्द वाचतो आणि जसंच्या तसं करतो. मला तर घाम फुटलाय.”

मला ते विनोदी वाटलं. त्या गंभीर होत्या.

त्यांनी आठ पानं लिहायला घेतली. सातव्या पानाचा मथळा होता, ‘बघू’. एका शब्दावर एक पान. त्यात लिहिलं होतं की बैठकीत कुणी ‘बघू’ म्हणालं तर ते चार कारणांनी म्हटलेलं असतं. एक, नाही म्हणायचं आहे, पण समोरच्याला दुखवायचं नाही. दोन, खरोखर बघणार आहे. तीन, प्रश्न ऐकलाच नव्हता. चार, हो म्हणायचं आहे, पण हो म्हणताना कुणी पकडू नये असं वाटतं. मजकुरात हे चारही सारखेच दिसतात. म्हणून एजंटने ‘बघू’ हा निर्णय समजू नये. ‘अनिर्णित’ लिहावं आणि माणसाला विचारावं.

आमच्या मॅनेजरना सगळे चलापुढे म्हणत. बैठकीत कुणी दोन वाक्यांवर गेलं की ते म्हणायचे, “चला, पुढे.” माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, बाईंहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी ते पान सगळ्यांसमोर पडद्यावर लावलं.

“बाई, हे ‘बघू’ काय आहे?”

“शब्द आहे.”

“ते दिसतंय हो. एका शब्दाला अख्खं पान?”

“मंडळात अध्यक्ष एका वस्तीच्या पाइपलाइनवर ‘बघू’ म्हणाले होते. मी रजेवर होते. बदलीवर आलेल्याने लिहिलं, ‘मान्य’. लोकांनी उत्साहाने रस्ता खणून ठेवला. पाइप आलेच नाहीत. अख्खी वस्ती दोन महिने फळीवरून घरी जात होती.”

“तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?”

“अध्यक्ष ‘बघू’ म्हणाले.”

सगळे हसले. चलापुढेही हसले.

“पण बाई, कुठलं ‘बघू’ कुठल्या प्रकारचं हे एजंटला कळणार कसं?”

“नाहीच कळणार. तेच त्याला सांगायचंय. की बाबा रे, तुला हे कळणार नाही, तू विचार.”

“बरं,” चलापुढे म्हणाले, “बघू.”

पुन्हा हशा झाला. बाईंनी मात्र ते वहीत उतरवून घेतलं.

बाई कंत्राटावर होत्या. कंत्राट एक-एक वर्षाचं. ते पुढे चालू राहणार की नाही हे टूल बाहेर पडल्यानंतर ठरणार होतं. मीही कंत्राटावर होते. विभागात एक जागा कायम होणार अशी कुजबुज होती. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

मी त्यांच्या घरी जायचे. जिना चढून दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र. धाकटी बहीण शाळांचे गणवेश शिवायची. खुर्च्यांवर निळ्या बाह्यांचे ढीग. बसायचं तर आधी एक वर्ग उचलावा लागे. बहिणीचं तोंडही यंत्रासारखंच चालायचं.

“तुझी बाई लग्नाची का राहिली सांगितलं का तिने? त्या एका शब्दापायी!”

“गप गं,” बाई आतून म्हणाल्या.

“मुलाकडचे जाताना ‘बघू’ म्हणाले. आमचे बाबा दुसऱ्या दिवशी हॉल ठरवायला गेले. ते लोक अजून बघतायत. आता तर चष्मेही लागले असतील!”

बाई दार धरून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली असणार.

मी निघाले तेव्हा बहीण जिन्यापर्यंत आली. तिथे तिचा आवाज वेगळा होता.

“मंडळातून काढलं ना तिला, तेव्हा सहा महिने रोज सकाळी साडेआठला तयार होऊन बसायची. पर्स मांडीवर घेऊन. जायचं कुठेच नाही. साडेपाच वाजले की पर्स जागेवर ठेवायची. मी शिवत बसायची, तिच्याकडे बघायची नाही. मला म्हणाली होती, एकदा काढलं तर यंत्रामुळे काढलं. दुसऱ्यांदा काढलं तर लोक म्हणतील, हिच्यातच काही तरी खोट आहे.” तिने माझा दंड धरला. “तू आहेस ना तिथे?”

“आहे ना, मावशी,” मी म्हणाले.

पुढच्याच महिन्यात मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. बाईंनी तीन दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी चलापुढेंनी मला बैठकीच्या छोट्या खोलीत बोलावलं. आम्ही दोघंच. टेबलावर रेकॉर्डिंगचा लाल दिवा होता. तो नेहमीच असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

“शुक्रवारी टूल बाहेर. आठ पानं फार झाली. पाच कर.”

“कुठली काढू?”

“तू साहित्यवाली. तूच ठरव.”

मी लॅपटॉप उघडला. टूलची ओळख करून देणारं पान काढलं, कारण त्यात स्तुतीच जास्त होती. जुन्या आवृत्त्यांचं पान काढलं. मग सातवं काढलं. त्या वेळी फारसा विचार केला नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. त्या पानावर सर हसले होते हे मला आठवत होतं. ते काढलं की त्यांना बरं वाटेल हेही माहीत होतं.

त्यांना बरं वाटलं.

“झकास. बाईंना सांगितलंस?”

“त्या रजेवर आहेत.”

“हं. तसं, तुला म्हणून विचारतो. पुढे हे काम एकटीला जमेल ना? दोघी हव्यातच असं काही आहे का?”

मी लॅपटॉप मिटला.

“बघू,” मी म्हणाले. आणि हसले.

“चला, पुढे,” ते म्हणाले.

बाई परत आल्या. पानं चाळली. “सातवं कुठाय?”

“सरांनी काढायला सांगितलं.”

सरांनी पानं कमी करायला सांगितलं होतं. कुठली, ते सांगितलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. पुढच्या आवृत्तीत घालू.” मग मावशींच्या डोळ्यावरच्या पट्टीबद्दल सांगायला लागल्या. पट्टी बांधून मावशी शिवायला बसल्या होत्या आणि एका शर्टाला तिसरी बाही लावून मोकळ्या झाल्या होत्या. मी खूप हसले. गरजेपेक्षा जास्त.

टूल बाहेर पडलं. तीन आठवड्यांनी आम्ही नमुन्याचे प्रश्न लिहीत होतो, म्हणजे एजंटने टूलला कसं विचारावं याची उदाहरणं. बाई एकही उदाहरण मनाने लिहीत नसत. आधी स्वतः विचारून पाहायच्या. सकाळी अकराची वेळ होती. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी एका बोटाने टाइप केलं, ‘आमच्या विभागाबद्दल गेल्या महिन्यात काय ठरलं?’

उत्तर लगेच आलं.

‘निर्णय: विभागाचं काम यापुढे एक व्यक्ती सांभाळेल. सहमती: कनिष्ठ लेखिका.’

कनिष्ठ लेखिका मी.

उत्तराखाली मूळ मजकूर उघडायची सोय असते. ती असावी असा आग्रह बाईंनीच धरला होता. त्यांनी मजकूर उघडला. वरपासून वाचला. पानं काढण्याचं बोलणं त्यात होतं. ‘तूच ठरव’ होतं. ‘दोघी हव्यातच असं काही आहे का’ होतं. त्याखाली माझं नाव आणि एक शब्द.



बाईंनी हळू आवाजात विचारलं, “कुठलं?”

“काय कुठलं?”

“चारातलं कुठलं?”

“पहिलं,” मी म्हणाले. “नाही म्हणायचं होतं, बाई. खरंच. सरांना एकदम तोंडावर नाही कसं म्हणणार?”

त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मी हात टेबलाखाली घेतले.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग टूल चुकलं. टूल चुकलं तर दुरुस्त करता येतं. आपण दुरुस्तीचं पान लिहिलेलंच नाही बघ.”

त्यांनी नवं पान उघडलं आणि तिथेच लिहायला लागल्या. मी शेजारी बसून राहिले. त्या टाइप करत असताना चलापुढेंचा फोन आला, जरा येऊन जा. बाई उठल्या. पाव तासाने आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद होता.

मनुष्यबळ विभागाच्या एजंटने तो तयार केला होता. कुणाची कंत्राटं पुढे न्यायची याची यादी करताना त्याने आमच्या टूलला विचारलं होतं. टूलने जे ठरलं म्हणून सांगितलं ते त्याने ठरलं म्हणून धरलं. तसं करू नको हे सांगणारं पान त्याला मिळालंच नव्हतं. चलापुढेंनी खाली सही केली होती. बाईंनी चष्मा लावून पत्र पुन्हा वाचलं.

“मंडळाचं तीन ओळींचं होतं. हे चांगलं सोळा ओळींचं आहे. एजंट फार सभ्य लिहितो गं. ‘आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल.’ अध्यक्षांना नसतं सुचलं.”

त्यांनी पत्राची घडी घातली.

“सर म्हणाले, मी कुठे काढलं तुम्हाला, नोंदीत तसं आलं,” त्या म्हणाल्या. “घाबरले होते बिचारे. पेन खाली पाडलं दोनदा.”

मी चलापुढेंकडे गेले. जायला दुसरा दिवस उजाडला.

“सर, मी ‘बघू’ म्हणाले होते.”

“हो. मग? ‘बघू’ म्हणजे हो ना?”



त्यांनी दार लावलं. माणूस वाईट नव्हता. “हे बघ. तुला नाही म्हणायचं होतं ना? मग लिहून दे. दोन ओळी, तुझ्या नावाने. माझ्या ‘बघू’चा अर्थ नाही असा होता, दोघींची गरज आहे. मी वर पाठवतो, पत्र मागे घेऊ. शुक्रवारपर्यंत दे. मग जागा कायम व्हायचं मात्र पुढच्या वर्षावर जाईल. दोघी राहिलात तर एक कायम करता येत नाही. तू ठरव.”

मला तेव्हा नाही म्हणायचं नव्हतं. त्या छोट्या खोलीत, लाल दिव्यासमोर, मला जागा हवी होती. माझं ‘बघू’ चौथं होतं. टूल चुकलं असं बाईंना वाटत होतं, चलापुढेंना वाटायला लागलं होतं. टूल चुकलं नव्हतं. ज्या पानावर चौथा प्रकार लिहिला होता, ते पान मीच काढलं होतं.

तरी मी दोन ओळी लिहून देऊ शकले असते. सगळ्यांना त्या हव्या होत्या.

“बघते, सर,” मी म्हणाले.

मंगळवार होता. बुधवारी मी दोन ओळी लिहिल्या आणि एकच ठेवली. गुरुवारी ती पुसली. शुक्रवारी चलापुढे आमच्या टेबलापाशी आले, माझ्याकडे पाहिलं, प्लॅस्टिकच्या झाडाला हात लावला आणि परत गेले. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांना काय आणि किती माहीत होतं हे मला आजही माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. म्हणून विचारलं नसावं.

बाईंकडे पंधरा दिवस उरले होते. त्यांनी नमुन्याचे चाळीस प्रश्न पूर्ण केले. अवघड शब्दांची सूची केली. मला कुठली फाइल कुठे आहे ते दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून केक आणला. चलापुढेंनी भाषण केलं. ते दोन वाक्यांवर गेलं. मी टाळ्या वाजवल्या. लिफ्टमध्ये बाई म्हणाल्या, “तळ.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “क्रियापदाकडे लक्ष दे.”

मी त्यांच्या घरी गेलेले नाही. एकदा जिन्यापाशी गेले. वरून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत उभी राहिले आणि तो थांबल्यावर निघून आले. दहा दिवसांनी मावशींचा फोन आला. माझा एक रिकामा डबा त्यांच्याकडे राहिला होता. त्या इतकंच म्हणाल्या, “ये, घेऊन जा. सकाळी ये. साडेआठनंतर ती असते पुढच्याच खोलीत.”

मी “येते” म्हणाले.

माझी जागा कायम झाली. ‘बघू’चं पान मी पुन्हा टूलला जोडलं. कुणी हसलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. एजंट आता ‘अनिर्णित’ असं लिहितात आणि माणसांना विचारतात.

दुरुस्तीचं पान मात्र तसंच आहे. पत्र आलं त्या सकाळी बाई लिहीत होत्या ते. पंधरा दिवसांत त्यांनी बाकी सगळं उरकलं आणि या पानाला हात लावला नाही. विसरणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. मथळा आहे, ‘नोंद चुकीची वाटली तर’. खाली तीन पायऱ्या आहेत. पहिली, मूळ मजकूर उघडावा. दुसरी, वाक्य कुणाचं आहे ते पाहावं. तिसरी अशी आहे:

‘दुरुस्ती दुसऱ्या कुणी करू नये. ज्याचं वाक्य आहे त्यालाच विचारावं, आणि त्याने’

पुढे काही नाही.